मदत हवी आहे: विष वाइनमधून की पाण्यातून?

स्वरदा_प: रविवारी वाचनकट्ट्यावर बोलायचंय आणि एकाच जागी अडकलेय. बाल्हॅमच्या त्या वकिलाच्या पोटात विष जेवणातल्या बर्गंडी वाइनमधून गेलं की खोलीतल्या जगमधून? वाचून वाचून डोकं भणभणलंय. लवकर सांगा.

गोट्या७: कोणता वकील? साल काय?

स्वरदा_प: अहो, चार्ल्स ब्राव्हो! लंडन, १८७६. १८ एप्रिलच्या रात्री साडेनऊच्या सुमारास खोलीतून बायकोला हाक मारून ओरडला, 'फ्लोरेन्स, गरम पाणी!' २१ला गेला.

रसायनवाली: विष कोणतं ते लिहा ना. सगळं त्यावरच आहे.

स्वरदा_प: टार्टार एमेटिक. अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचं.

रसायनवाली: मग वाइन सोडा. उलटी काढायलाच देत ते. एवढी मात्रा साडेसातच्या जेवणात गेली असती, तर साडेनऊपर्यंत माणूस स्वस्थ बसला नसता. पाण्यात विरघळतं, रंग येत नाही. झोपण्याआधी जगमधलं पाणी प्यायची त्याची सवयच होती.

आबा_ठाणेकर: पाणी-वाइन राहू द्या. फ्लोरेन्सची सोबतीण मिसेस कॉक्स! 'मी विष घेतलंय, फ्लोरेन्सला सांगू नका' असं तो म्हणाला, ते ऐकलं फक्त या बाईने. तिला घरातून काढायचं त्याच्या मनात होतं.

कोर्टकचेरी: आबा, संशय वेगळा, पुरावा वेगळा. दुसऱ्या चौकशीत ज्युरीने खून म्हटलं, पण कोणावर आरोप ठेवण्याइतका पुरावा नाही असंही म्हटलं. त्यांच्या घरच्या गाडीवान ग्रिफिथ्सने घोड्यांसाठी हेच टार्टार एमेटिक आणलं होतं. त्याचं काय?

आबा_ठाणेकर: त्याला आधीच काढून टाकलं होतं हो!

निसर्गमित्र: फ्लोरेन्सच्या जुन्या संबंधामुळे डॉ. गलींचं नाव उगाच ओढलं गेलं. इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्नला त्यांनी जलोपचार नावारूपाला आणला. मी रोज पोटावर ओली पट्टी ठेवतो, पित्त गेलं. करून बघा.

मीना_आजी: अँटिमनी म्हणजे सुरम्यातलंच ना? नातीला घालते. बंद करू का?

रसायनवाली: आजी, सुरम्यातलं अँटिमनी सल्फाइड पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. पण हल्लीच्या सुरम्यात बरेचदा शिसं असतं. आजच बंद करा.

स्वरदा_प: पाण्याचं पटलं. पण तेच पाणी फ्लोरेन्सही प्यायली असती ना?

कोर्टकचेरी: नाही. गर्भपातानंतर ती मिसेस कॉक्ससोबत दुसऱ्या खोलीत झोपत होती. तो जग त्याच्या एकट्याचा.

स्वरदा_प: अरे देवा, हे आधी का नाही सांगितलंत!