विषय: लेडीबोवरची सहल – पोहायचे कपडे आणू नका

प्रेषक: मंजिरी (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या डरवेंट खोऱ्यात जायचं ठरतंय. हाउडन, डरवेंट आणि लेडीबोवर हे एकाखाली एक असे तीन जलाशय आहेत, वर माळावर जांभळा हेदर फुललेला असेल. डबा ज्याचा त्याने. फेअरहोम्सला गाडी लावायची आणि तिथून चालायचं. येणाऱ्यांनी रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: निखिल

मंजिरीताई, आम्ही चौघे नक्की. दोन प्रश्न. मुलांना पाण्यात उतरता येईल ना? आणि काठावर छोटी शेगडी पेटवून कणसं भाजली तर चालेल का? माझ्याकडे ती एकदा वापरून टाकायची ॲल्युमिनियमची ट्रेवाली आहे. मुलांना शिवाय ते 'प्लगहोल' बघायचंय, व्हिडिओ बघून वेडी झालीत.

प्रेषक: वसंतकाका

निखिल, दोन्हींना नाही. रागावू नकोस, कारणं सांगतो.

मी त्या खोऱ्यात 30 वर्षं चालतोय. हे तलाव नव्हेत रे, धरणं आहेत. डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर, शेफील्डच्या नळाला इथलं पाणी जातं. पोहायला बंदी आहे ती नुसती पाटीपुरती नाही. ऑगस्टमध्ये वरचं हातभर पाणी कोमट लागतं आणि त्याच्या खाली बर्फ. माणूस उडी मारतो, आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर श्वासाऐवजी पाणी आत जातं. पट्टीचा पोहणाराही त्यात सापडतो. पाण्याचा रंग चहासारखा आहे. माळावरच्या पीटचा अर्क उतरलाय त्यात. घाण नाही ती, पण तळ दिसत नाही.

आता शेगडी. पीट म्हणजे हजारो वर्षांचं अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि गवत, वाळलं की ते जळण. वरची आग विझवली तरी खाली ते धुमसत राहतं, आणि दोन दिवसांनी भलतीकडूनच धूर निघतो. 2018 च्या उन्हाळ्यात सॅडलवर्थ मूर हा माळ पेटला तेव्हा विझवायला लष्कर बोलवावं लागलं होतं. तुझी ट्रे गवतावर ठेवलीस की खालचं गवत पाच मिनिटांत काळं. कणसं घरून उकडून आण, तिखटमीठ-लिंबू मी आणतो.

प्लगहोलचं म्हणशील तर ती दोन आहेत, लेडीबोवरच्या भिंतीशी, प्रत्येकाचा व्यास 80 फूट. धरण काठोकाठ भरलं की जास्तीचं पाणी त्यात उतरतं. ऑगस्टमध्ये बहुधा कोरडा दगडी खड्डाच दिसेल. मुलांना आधीच सांगून ठेव, नाहीतर तिथे रडारड.

करायला मात्र पुष्कळ आहे. फेअरहोम्सपासून सायकल चालवता येते. वर जाणारा रस्ता उन्हाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांना बंद असतो, त्यामुळे पोरं मोकळी सोडता येतात. वाटेत बर्चिनलीची जागा लागते. 1901 ते 1916 वरची दोन धरणं बांधली, तेव्हा कामगारांसाठी तिथे पत्र्याचं गाव उभं केलं होतं. शाळा, दवाखाना, दुकानं, सगळं. काम संपलं, पत्रे उचलले. आता झाडीत दगडांच्या रांगा तेवढ्या दिसतात. डरवेंटच्या भिंतीला दोन बुरूज आहेत. 1943 मध्ये जर्मनीतली धरणं फोडायला गेलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या 617 स्क्वाड्रनच्या विमानांनी याच पाण्यावर सराव केला होता. विमानवेड्या बाळांसाठी एवढं पुरे.

आणि पाणी खूप उतरलं असेल तर लेडीबोवरमध्ये बुडालेलं डरवेंट गाव वर येईल. तसं झालं तर सहलीचा तोच कळस.

प्रेषक: स्वाती

काका, शेवटच्या वाक्यापाशी अडखळले. लिहू की नको करत होते, लिहितेच.

माझी आजी पळसदेवची. उजनीच्या पाण्यात गेलेलं जुनं पळसदेव. गावाचं नाव उचलून सोलापूर रस्त्याला नेलं, देऊळ खालीच राहिलं. कडक उन्हाळ्यात भीमेचं पाणी हटलं की देऊळ उघडं पडतं आणि पुण्याहून गाड्या भरभरून लोक फोटो काढायला येतात. मी नववीत असताना आजीला घेऊन गेलो होतो. भेगाळलेल्या गाळातून ती काठी टेकत चालली, मध्येच एका दगडांच्या ओळीपाशी थांबली. तेवढ्यात शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या काकू भेटल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडून रडतील. दोघी भांडायला लागल्या! ती परड्याची भिंत कुणाची यावरून. वर्षातले दहा महिने पाण्याखाली असणाऱ्या भिंतीवरून. आजी घरी येईपर्यंत धुसफुसत होती, "तिच्या सासऱ्याने हात-दीड हात आत घेतली होती."

सहलीला माझा विरोध नाही, मी येणारच. पण त्या गाळात उतरून उंबऱ्यावर बसून डबा खाणं मला जमायचं नाही.

प्रेषक: वसंतकाका

स्वाती, चुकलो. 'कळस' हा शब्द मागे घेतो.

गाळात उतरायचं नाहीच, माणूस गुडघ्यापर्यंत रुततो तिथे. काठावरूनच बघायचं. तुझ्या पत्रावरून एक गोष्ट आठवली. डरवेंटच्या देवळाचा, म्हणजे चर्चचा मनोरा त्यांनी पाडला नव्हता. धरण भरल्यावर तो काही वर्षं पाण्यातून वर डोकावत होता. लोक पोहत तिथपर्यंत जायला लागले, म्हणून डिसेंबर 1947 मध्ये सुरुंग लावून उडवला. दफनभूमीतले मृतदेह मात्र आधीच उकरून बॅमफर्डला नेऊन पुरले होते. आणि गावातला जुना दगडी पूल, घोड्यांवरून माल नेण्याचा, तो दगड न् दगड सुटा करून ठेवला होता. 1959 मध्ये हाउडनच्या वर, स्लिपरी स्टोन्सपाशी पुन्हा उभा केला. अजून लोक त्यावरून ये-जा करतात.

डबा तिथे, पुलाच्या पलीकडे खाऊ या का? फेअरहोम्सपासून लांब आहे, जाऊन-येऊन 10-11 मैल होतील. छोट्यांना सायकल.

प्रेषक: मंजिरी (सहल समिती)

ठरलं तर. ज्यांना एवढं झेपणार नाही ते बर्चिनलीपर्यंत येऊन परत फिरतील, त्यांच्यासोबत मी थांबते. गाड्या 9 च्या आत फेअरहोम्सला पोचल्या पाहिजेत, नंतर जागा मिळत नाही. रेल्वेने येणाऱ्यांनी बॅमफर्ड स्टेशनवर उतरा, कोणीतरी न्यायला येईल.

पावसाळी कोट, जाड मोजे, जास्तीचं पाणी. गवतातून चालताना पूर्ण पँट, गोचिडी असतात. कचरा परत घरी. स्वाती, तुझ्या आजीची दशमी करशील का गं?

प्रेषक: स्वाती

करते. 40 पुरतील?

प्रेषक: निखिल

आम्ही चौघेच 12 खाऊ. 50 कर.