महिला कॉलेज बास्केटबॉल : गुणी मुलींच्या भरतीवर मर्यादा हवी का?

दक्षिणपार

अमेरिकेतील महिला कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत, एप्रिल २०२५ च्या अंतिम सामन्यात कनेटिकटने साउथ कॅरोलायनाचा ८२-५९ असा पराभव करून बारावे विजेतेपद पटकावले. गतविजेत्यांचीच अशी अवस्था होत असेल, तर बाकीच्या साडेतीनशे कॉलेजांनी कोणत्या आशेवर खेळायचे? माझी सूचना अशी आहे की, शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या देशातील सर्वोत्तम पंचवीस मुलींपैकी एका कॉलेजाला वर्षाला दोघींनाच घेता यावे. एवढे केले की दहा वर्षांत खेळ सर्वांसाठी खुला होईल.

हार्टफर्डनिवासी

ही सूचना वाचून मला राग आला आहे आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही. या संघांना गुणी मुली आयत्या मिळाल्या, असे आपण गृहीत धरले आहे. प्रशिक्षक जीनो ऑरिएमा १९८५ मध्ये आले, तेव्हा कनेटिकटच्या महिला संघाच्या खाती पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला एकच हंगाम जमा होता. प्रशिक्षक डॉन स्टेली २००८ मध्ये साउथ कॅरोलायनात गेल्या आणि पहिल्या हंगामात त्यांचा संघ दहा सामने जिंकून अठरा हरला. तेव्हा त्यांच्या दारात कोणीही रांग लावली नव्हती. हे कॉलेज ज्या कोलंबिया शहरात आहे, त्याच्याजवळच वाढलेल्या एजा विल्सनने २०१४ मध्ये घराजवळचा हा संघ निवडला आणि २०१७ मध्ये पहिले विजेतेपद आले. त्यामागे नऊ वर्षांचे काम होते.

आपल्या नियमाचा फटका कोणाला बसेल, याचाही विचार करावा. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूसजवळ वाढलेली ब्रिॲना स्टुअर्ट कनेटिकटला गेली आणि चार वर्षांत चार विजेतेपदे घेऊन बाहेर पडली. प्रशिक्षक हवी म्हणत आहेत, मुलीला जायचे आहे, आणि तरीही सतरा वर्षांच्या त्या मुलीला ‘दोन जागा भरल्या, तू दुसरीकडे जा’ असे आपण सांगणार का? शिवाय भरती म्हणजे विजेतेपद नव्हे. २०१६ नंतर कनेटिकटला पुढच्या विजेतेपदासाठी २०२५ पर्यंत थांबावे लागले. सलग १११ विजयांनंतर २०१७ च्या उपांत्य सामन्यात मिसिसिपी स्टेटने त्यांना जादा वेळेत शेवटच्या क्षणी ६६-६४ असे हरवले, आणि त्यांची आघाडीची खेळाडू पेज ब्यूकर्स तर गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२२-२३ चा संपूर्ण हंगाम खेळू शकली नाही.

दक्षिणपार

२०१६ नंतर बरीच वर्षे विजेतेपद नव्हते हे खरे, पण २००८ ते २०२२ या काळात झालेल्या प्रत्येक स्पर्धेत कनेटिकट अंतिम चारमध्ये होतेच, हे आपण सांगितले नाही. पुरुषांच्या खेळात असे होत नाही, कारण तिकडचे उत्तम खेळाडू वर्षभरात एनबीए या व्यावसायिक लीगकडे जातात आणि जागा रिकाम्या होतात. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगसाठी अमेरिकन मुलीला पदवी किंवा वयाची बावीस वर्षे गाठावी लागतात, म्हणून एकदा जमलेला संघ तीन-चार वर्षे तसाच राहतो. त्यातच देशातील पहिल्या सोळा संघांना सुरुवातीच्या दोन फेऱ्या स्वतःच्या मैदानावर खेळायला मिळतात. स्पर्धेच्या चार विभागांत प्रत्येकी एक ते सोळा मानांकने असतात; त्यात सोळाव्या, म्हणजे तळाच्या, मानांकित संघाने पहिल्या मानांकिताला हरवल्याचे महिलांच्या स्पर्धेत एकच उदाहरण आहे, ते १९९८ मध्ये हार्वर्डने स्टॅनफर्डला हरवले त्याचे. आणि त्या दिवशी स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू जखमी होत्या.

हार्टफर्डनिवासी

घरच्या मैदानाचा मुद्दा मला मान्य करावा लागेल, जरी त्रयस्थ ठिकाणी निम्म्या रिकाम्या खुर्च्यांसमोर मुलींनी खेळावे असे मला वाटत नाही. मात्र त्यावरून मुलींच्या निवडीवर मर्यादा घालण्याचे समर्थन होत नाही. वेस्ट डे मॉइन्सची केटलिन क्लार्क आयोवा राज्यातच राहिली आणि तिने सलग दोन वर्षे संघाला अंतिम सामन्यात नेले. त्यातला २०२४ चा सामना सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. तिला आयोवात ठेवायला कोणताही नियम लागला नव्हता.

ओहायोतील पालक

आपण दोघेही शाळेतून होणाऱ्या भरतीवर वाद घालत आहात आणि खरी भरती आता ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीतून, होते, याचा उल्लेखही करत नाही. २०२१ मध्ये एक हंगाम बाहेर न बसता एकदा कॉलेज बदलण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना नावाचे आणि जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदलण्याची वाट मोकळी झाली.

माझी मुलगी एका लहान कॉलेजात खेळत होती. तिच्यासाठी आम्ही प्रत्येक जुलैत गावोगावच्या स्पर्धांना गाडी चालवत जात असू. एका सभागृहात आठ-आठ मैदाने, कडेला खुर्च्या टाकून बसलेले प्रशिक्षक, त्यांना मुलींशी बोलण्याची परवानगी नाही. म्हणून कोणाच्या शर्टावर कोणत्या कॉलेजचे चिन्ह आहे, एवढेच आम्ही पालक पाहत असू. त्यातून तिला शिष्यवृत्ती मिळाली. दोन वर्षांनी प्रशिक्षक बदलले, नव्यांनी पोर्टलमधून चार मुली आणल्या आणि हिला कार्यालयात बोलावून शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार नसल्याचे सांगितले. घाम गाळायचा एकीने आणि आयत्या बिळावर नागोबा दुसरीने व्हायचे, याला कोणी स्पर्धा म्हणू नये.

राखीव खेळाडूची मावशी

आपल्या मुलीवर अन्याय झाला, पण त्यावरून पोर्टलच वाईट ठरवू नका. माझी भाची एका बलाढ्य कॉलेजात दोन हंगाम बाकावर बसून होती. जुन्या नियमाने कॉलेज बदलले असते तर आणखी एक हंगाम बाहेर काढावा लागला असता, म्हणून तिच्यासारख्या कितीतरी मुली निमूटपणे तिथेच राहत. आज ती लहान कॉलेजात दर सामन्यात तीस मिनिटे खेळते. गुणी मुली एकाच ठिकाणी साठून राहू नयेत, हीच मूळ तक्रार आहे ना? मग पोर्टलने नेमके तेच केले. हेली व्हॅन लिथ लुईव्हिल आणि एलएसयू (लुईझियाना स्टेट) ही बलाढ्य कॉलेजे करून टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन) गेली आणि २०२५ मध्ये तो संघ प्रथमच अंतिम आठमध्ये पोहोचला.

ओहायोतील पालक

टीसीयू हे लहान कॉलेज नाही, ते बिग ट्वेल्व्ह या मोठ्या कॉलेजांच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, खेळते आणि त्यांच्याकडे पैसा आहे. जुलै २०२५ पासून कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात, पहिल्या वर्षी त्याची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती, आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो. उरलेल्यातून चांगली रक्कम देणे कोणाला परवडेल, हे सांगायला नको. आपली भाची खाली आली. आमच्या संघातली सर्वांत चांगली मुलगी वर गेली. वर जाणारी संघाचा कणा असते आणि खाली येणारी बाकावरची असते, हा हिशोब आपण टाळला आहे.

राखीव खेळाडूची मावशी

माझ्या भाचीला ‘बाकावरची’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तीही त्याच जुलैच्या स्पर्धांतून वर आली आहे.

ओहायोतील पालक

तो शब्द मी मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

हार्टफर्डनिवासी

ओहायोच्या पालकांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते, आणि म्हणूनच पंचवीसपैकी दोन ही सूचना अधिकच निरुपयोगी वाटते, कारण दुसऱ्या वर्षी त्याच मुली पोर्टलमधून तिथेच पोहोचतील. पुरुषांच्या स्पर्धेतील प्रत्येक सामन्यागणिक कॉन्फरन्सला वर्षानुवर्षे पैसे मिळत आले. महिलांच्या स्पर्धेत २०२५ पर्यंत काहीच मिळत नव्हते. मग लहान कॉलेजाने महिला संघावर खर्च का करावा? तो पैसा आता सुरू झाला आहे. तो वाढवण्यासाठी भांडले पाहिजे.

दक्षिणपार

दोनची मर्यादा पोर्टलपुढे टिकणार नाही, हे मी मान्य करतो; पण घरच्या मैदानाचा मुद्दा मान्य झाला तरी चार वर्षे न बदलणाऱ्या संघांबद्दल मी जे लिहिले, त्याला कोणी उत्तर दिलेले नाही.

ओहायोतील पालक

माझी मागणी याहून लहान आहे. खेळातील कामगिरीवरून शिष्यवृत्ती काढायची नाही, हा नियम पाच मोठ्या कॉन्फरन्सनी २०१५ मध्येच स्वतःला लावून घेतला. लहान कॉन्फरन्सनाही तो २०२४ पासून लागू झाला आहे; आता तो काटेकोरपणे पाळला जाईल हे पाहा, म्हणजे प्रशिक्षक बदलले तरी मुलीचे शिक्षण अर्ध्यावर सुटणार नाही.