शब्दचर्चा : 'दंड', 'तडजोड' की 'प्रशमन'?

विचारणा (अनुवादक, नारायण पेठ) : अमेरिकेतल्या मद्यव्यापार खात्याच्या, म्हणजे टीटीबीच्या कागदांत 'ऑफर इन कॉम्प्रमाइज' वारंवार येतं. 'दंडाचा प्रस्ताव' चालेल का?

उत्तर (एक्साईजची कामं पाहणारे वकील, शिवाजीनगर) : नाही. दंड गुन्हा शाबित झाल्यावर होतो. इथे काहीच शाबित नाही. परवानाधारक आपणहून रक्कम पुढे करतो. खातं ती घेईल किंवा नाकारेल. तिकडच्या 1935च्या कायद्यात फरक आकड्यांतच दिसतो : दोषी ठरल्यास प्रत्येक गुन्ह्याला 1,000 डॉलरपर्यंत दंड, तडजोडीत मात्र 500 डॉलरच्या वर घेता येत नाही. ही मर्यादा गुन्ह्यामागे आहे, प्रकरणामागे नाही. त्यामुळे एकूण रक्कम लाखांतही जाऊ शकते. कराच्या बाकीची तडजोड वेगळ्या कायद्याखाली, तिकडच्याच अंतर्गत महसूल संहितेच्या 7122 कलमाने होते. तिथे 500 लावू नका.

अनुवादक : मग 'तडजोड' घ्यावं, तर वास येतो. 'एक लाखाची मागणी, तडजोडीअंती साठ हजार घेताना रंगेहाथ'...

वकील : वास बातमीचा आहे, शब्दाचा नाही. लोकअदालतीच्या नोटिशीत 'तडजोडपात्र गुन्हे' वाचून कुणी तोडपाणी समजत नाही. 'तडजोड शुल्क' हे वाहतुकीच्या चलनामुळे रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे.

तिसरे सदस्य (भाषा संचालनालयाच्या कोशांचे जुने वापरकर्ते) : 'प्रशमन' विसरू नका. अनधिकृत बांधकाम शुल्क भरून नियमित करण्याला तेच रुळलंय. 2017चे 'प्रशमित संरचना' नियम पाहा. आयुर्वेदात शमन म्हणजे दोष बाहेर न काढता जागीच शांत करणं. अर्थ नेमका बसतो, पण बारमालकाला कळणार नाही.

वकील : आणि आपल्याकडचा कागद बारमालकच सही करतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949, कलम 104 : परवाना रद्द किंवा निलंबित करण्याऐवजी रक्कम स्वीकारता येते. क्रम साधारण असा : तपासणीत साठा नोंदवहीशी जुळत नाही किंवा नोकराचा नोकरनामा (दुकानात काम करण्याची लेखी परवानगी) सापडत नाही, नियमभंग प्रकरण होतं, कारणे दाखवा नोटीस निघते, मग खुलासा. इथेच घोळ होतो. 'चूक मान्य, दंड भरण्यास तयार' असं लिहून देतात. पुढच्या प्रकरणात तेच वाक्य कबुली म्हणून समोर ठेवलं जातं. लिहायचं ते 'आरोप मान्य नसताना, प्रकरण मिटवण्यासाठी कलम 104 खाली तडजोड रक्कम भरण्यास तयार'. शब्दाला किंमत का, तर फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 359व्या कलमात गुन्हा आपसात मिटला की त्याचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच धरला आहे. दंड भरणारा मात्र दोषी.

अनुवादक : आणि त्याच कागदांतल्या 'अलेज्ड'ला, म्हणजे नुसता आरोप असलेल्याला, 'तथाकथित'?

तिसरे सदस्य : अजिबात नको! त्यात कुत्सितपणा आहे. जणू खातंच स्वतःच्या आरोपावर हसतंय. कायद्याच्या मजकुरात 'अभिकथित', बातमीत 'कथित'. आणि 'ऑफर'ला निविदेतला 'देकार' आहे की. 'प्रस्ताव' ठरावालाही लागतो, देकारात पैसे पुढे केलेले दिसतात.

वकील : देकार मान्य. वाक्य असं करा : 'अभिकथित उल्लंघनांबाबत परवानाधारकाने दिलेला तडजोड-देकार खात्याने स्वीकारला.' 'स्वीकारला'च्या जागी 'वसूल केला' टाकलंत, की पुन्हा दंड झाला.