महाविषाणू शोधायला मराठवाड्यातलं पाणी काय वाईट?

बारवकाठ, परभणी
आमच्याकडच्या कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्राच्या पोरांना वर्षानुवर्षं तेच प्रोजेक्ट. दह्यातले जिवाणू, नाही तर हॉटेलच्या पाण्यातले जिवाणू. त्यापेक्षा अमीबा या एकपेशीय जीवात वाढणारे महाविषाणू, म्हणजे जिवाणूंएवढे मोठे विषाणू, शोधायला लावा. वालूरची बारव, बीडची खजाना विहीर, पैठणचा नाथसागर, गावोगावचे पाझर तलाव. नमुन्यांना तोटा आहे का?

१९९२ मध्ये इंग्लंडात ब्रॅडफर्डला न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा कूलिंग टॉवरचं पाणी तपासलं. अमीबात काहीतरी गोल दिसलं, जिवाणू ओळखायचा ग्रॅमचा रंगही धरत होतं, म्हणून जिवाणू समजून त्याला ‘ब्रॅडफर्डकॉकस’ नाव दिलं. तो विषाणू आहे हे जाहीर झालं २००३ मध्ये. तोच मिमिव्हायरस, जनुकसंच सुमारे १२ लाख बेसजोड्यांचा! विषाणू शोधणारे आधी ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून पाणी गाळायचे आणि खाली उतरेल तेच तपासायचे. हे महाशय वरच अडकून फेकले जायचे.

२०१३ चा पँडोराव्हायरस तर १ मायक्रोमीटरचा. एक चिलीच्या किनाऱ्यावर, दुसरा मेलबर्नजवळच्या तळ्याच्या चिखलात. त्याची बहुतेक जनुकं तोवर कुठल्याच जीवात पाहिलेली नव्हती. मुंबईत आयआयटीवाल्यांनी शोधले, तर पवई, कुर्ला, वांद्रे ही नावं विषाणूंना लागली. आपल्या गावांची कामून लागू नयेत? आणि जाता जाता, यांना जिवाणू, आर्किया आणि केंद्रकवाले जीव या तिघांनंतरची जीवसृष्टीची चौथी शाखा मानायला माझी तरी हरकत नाही.

टँकरची_वाट, लातूर
२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, विसरलात का? ज्या पाण्यानं लेकरांना जुलाब होतात त्यात आधी कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, मोजा. तो ‘तोच तो’ प्रोजेक्ट गावाच्या कामाचा तरी आहे. मिमिव्हायरसमुळे माणसाला न्यूमोनिया होतो हेसुद्धा अजून सिद्ध नाही. मग एवढी धावपळ कशासाठी, नावासाठी?

बारवकाठ
कोलाय मोजायला कोण नको म्हणतंय? एकाच बाटलीतल्या पाण्यावर दोन्ही होतं. प्लेटवर अमीबा वाढवायचे, प्रतिजैविक घालून जिवाणू आवरायचे, नमुना टाकायचा आणि अमीबा फुगून फुटतात का ते पाहायचं. मिमिव्हायरस साध्या सूक्ष्मदर्शकातही ठिपक्यासारखा दिसतो.

लॅबवाली
थांबा जरा. ठिपका दिसला म्हणजे विषाणू सापडला असं होत नाही, अमीबात जिवाणूही राहतात. ब्रॅडफर्डला फसगत झाली ती यातूनच. खात्रीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि जनुकक्रम लागतो. दुसरं असं की तुम्ही म्हणताय तो अमीबा म्हणजे अकॅन्थअमीबा. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांच्या डोळ्यांत तोच जातो आणि बुबुळाला जखम करतो, नजर जाऊ शकते. जिथं पोरं हातमोज्यांशिवाय प्लेट उघडतात आणि सेफ्टी कॅबिनेटला कुलूप असतं, तिथं हा प्रोजेक्ट मी देणार नाही. सोय असेल तिथं जरूर द्या.

पेशीपंथी, नांदेड
मला खटकलं ते चौथ्या शाखेचं, आणि ते ‘जाता जाता’ सोडून द्यायचं नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या सांडपाण्याच्या जनुकक्रमांतून क्लोसन्यूव्हायरस हा महाविषाणू पुढे आला. प्रथिनं बनवण्याशी संबंधित जनुकं त्याच्याकडे ढीगभर, पण वंशावळ काढली तर ती वेगवेगळ्या यजमानांकडून, म्हणजे ज्यांच्या पेशीत तो वाढला त्यांच्याकडून, थोडीथोडी उचललेली. जुन्या स्वतंत्र शाखेचा वारसा असता तर ती एका मुळाशी गेली असती. ब्राझीलच्या टुपानव्हायरसकडे २० अमिनो आम्लांसाठीची विकरं आहेत, प्रथिनं जोडणारं यंत्र, म्हणजे रायबोसोम, मात्र नाहीच. उसन्या भांड्यांवर संसार थाटला म्हणून घर स्वतःचं होत नाही.

बारवकाठ
मग स्पुटनिकचं काय करता? २००८ मध्ये पॅरिसच्या कूलिंग टॉवरमधल्या महाविषाणूबरोबर हा छोटा विषाणू मिळाला. महाविषाणू स्वतःच्या प्रती काढायला जो कारखाना थाटतो, त्यावर हा पोसतो, मग महाविषाणूचे कण वेडेवाकडे निघतात, संख्याही घटते. ज्याला दुसरा विषाणू आजारी पाडतो, तो निर्जीव?

पेशीपंथी, नांदेड
तो कारखाना अमीबाच्या पेशीतच उभा असतो ना? रायबोसोम अमीबाचे. अमीबा काढून घ्या, मग दोघंही नुसते कण. सजीव म्हणा हवं तर, पण चौथी शाखा हा वेगळा दावा आहे, त्याला वंशावळीचा पुरावा लागतो.

टँकरची_वाट, लातूर
चालू द्या तुमचं. नमुना घ्यायला पाझर तलावावर जाल तर जानेवारीच्या आत जा, पुढं तळाला भेगाच असतात.

लॅबवाली
चिखल घ्या मग, पँडोरा चिखलातलाच आहे. पण आधी कॅबिनेटची चावी कुणाकडे आहे ते विचारा.