भाडेकरूने सामानाचा विमा काढावा का? "घर मालकाचं, काळजी मालकाची" म्हणणाऱ्यांना उत्तर

मुठाकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, "भाडेकरूने विमा काढणं म्हणजे दुसऱ्याच्या शेताला कुंपण घालणं. घर मालकाचं, काळजी मालकाची." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मालकाची किंवा सोसायटीची पॉलिसी इमारतीची असते. तुमचा फ्रिज, पलंग, लॅपटॉप त्यात नसतो. २५ जुलै २०२४ ला पुण्यात एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा आम्ही तळमजल्यावर होतो. मालकाचा रंग आणि दोन दारं गेली, आमचा अख्खा संसार चिखलात. आमच्याकडे सामानाची पॉलिसी होती, समोरच्या बिऱ्हाडाकडे नव्हती. त्यांनी फ्रिज-वॉशिंग मशीन पुन्हा हप्त्यांवर घेतलं.

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची पॉलिसी विकावीच लागते. तिच्यात भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो. आग, पूर, वादळ, भूकंप, टाकी किंवा पाइप फुटणं, सगळं धरलेलं आहे. विम्याची रक्कम कमी लावली म्हणून दावा त्या प्रमाणात कापण्याचा जुना जाचही नाही. सांगा, यात शेत कुणाचं आणि कुंपण कुणाचं?

भाडोत्री_११:
ते वाक्य माझंच. तळमजल्याचं ठीक आहे, आम्ही पाचव्यावर. आमच्याकडे पूर येत नाही, लॅपटॉप चोरीला जातो. आणि मूळ पॉलिसीत चोरी कधी धरतात? पूर-आगीसारखी घटना घडल्यावर ७ दिवसांत झाली तरच. एरवीच्या घरफोडीचं कवच वेगळं, पैसे वेगळे. एजंट हे सांगतो का?

मुठाकाठ:
नाही सांगत, हे मान्य. घरफोडी जोडूनच घ्यायची. पण आग पाचव्या मजल्यावरही लागते.

हिशेबनीस:
वैयक्तिक आयुर्विमा, आरोग्यविम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. घराच्या विम्यावर १८ टक्के तसाच. संसार वाचवणं ही काय चैन आहे?

भाडोत्री_११:
आधीच खिसा रिकामा. दर ११ महिन्यांनी भाडं वाढतं, वर सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेला आकार, मालक आमच्याच माथी मारतो. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, असा २००१ चा शासन आदेश आहे. आमची सोसायटी सरळ दुप्पट घेते.

सी_विंग_सेक्रेटरी:
सोसायटी सभासदाकडून घेते, तुमच्याकडून नाही. मालकाशी भांडा. भाडेकरू सामान हलवताना लिफ्टची वाट लावतात, त्याचा खर्च कोण देतं?

भाडोत्री_११:
लिफ्ट फक्त भाडेकरूच वापरतात का? बॅचलर म्हणून रात्री दहानंतर मित्र आणू नका, पार्किंग नाही, मीटिंगला बसू नका, आणि दुप्पट पैसे मात्र द्या! १० टक्क्यांचं उत्तर द्या आधी.

सी_विंग_सेक्रेटरी:
सर्वसाधारण सभेचा ठराव आहे.

हिशेबनीस:
ठराव शासन आदेशाच्या वर जात नाही, साहेब. मीही फ्लॅटमालक आहे, तरी सांगतो.

चिपळूणकरीण:
भांडणं बाजूला ठेवा, दाव्याचं बोला. जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी घरात आलं. पॉलिसी होती, पण बिलं कपाटासकट भिजून लगदा झाली. नुकसान मोजायला आलेला सर्वेअर बिलंच मागत राहिला. दुकानदारांचीही दुकानं बुडालेली, डुप्लिकेट आणायची कुठून? कंपनीने निम्म्याहून कमी दिलं. म्हणून मला या विम्याचं कौतुक सांगू नका.

मुठाकाठ:
ताई, तुमचा राग खरा आहे. आमचं निभावलं, कारण बायकोने प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून बिलांसह स्वतःलाच मेल केला होता. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही.

चिपळूणकरीण:
पूर ओसरल्यावर घरातला गाळ उपसायचा की लोकपालाला अर्ज लिहायचा? व्हिडिओचं मात्र पटलं. बहिणीने पुण्यात भाड्याने घर घेतलंय, तिला करायला लावते.

भाडोत्री_११:
ठीक, घरफोडीसकट किती हप्ता पडतो ते विचारतो. शेताचं वाक्य मागे घेतो, तेवढंच. आणि सेक्रेटरीसाहेब, मालकाला तयार केलंय. सोमवारी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे मालकाच्याच सहीने अर्ज जातोय. ठरावाची प्रत तयार ठेवा.