कोकरू की कोकरा?

प्रश्न – लेकीला, साडेचार वर्षांची आहे, प्राण्यांच्या पिल्लांचं चित्रांचं पुस्तक आणलंय, गाईचं वासरू, शेळीचं करडू, घोडीचं शिंगरू, मेंढीचं कोकरू, सगळं तोंडपाठ झालंय तिचं. परवा शेजारच्या ख्रिश्चन काकूंकडे गेलो तर त्यांच्या कॅलेंडरवर 'हा पाहा, जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा!' असं होतं, काकूंनी वाचून दाखवलं आणि आमची बाई लगेच, 'कोकरा नाही हो काकू, कोकरू!' मी ओशाळले. पण ही छपाईची चूक आहे का खरंच असा शब्द आहे?

उत्तर – चूक नाही ताई. बायबलमधलं योहान १:२९ आहे ते, बाप्तिस्मा करणारा योहान येशूला येताना बघून म्हणतो. आपल्या ठाण्यात तलावपाळीचं जुनं चर्च आहे ना, ते याच योहानाच्या नावाचं. मराठीत पिल्लं बहुतेक नपुंसकलिंगीच, ते कोकरू, ती कोकरं. पण वल्हांडणाचा, म्हणजे ज्यू लोकांच्या सणाचा, बळी नर लागायचा, एक वर्षाचा, काही खोट नसलेला (निर्गम १२:५), आणि इथे तर तो शब्द येशूला लावलाय, 'देवाचं कोकरू' म्हटलं तर आजी नातवाला लाडाने म्हणते तसं वाटेल. मूळ ग्रीकमध्येही इथे 'आम्नोस', पुल्लिंगी. गंमत पुढे आहे, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ग्रीक शब्द 'आर्निऑन', चक्क नपुंसकलिंगी, पण मराठीत तिथेही कोकराच. विभक्ती लावली की फरक लगेच कळतो, बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकातला लांडगा 'कोकराजवळ' राहतो म्हणजे ते साधं कोकरू, आणि प्रकटीकरणात रक्त 'कोकऱ्याचं'.

उत्तर २ – दादा, एक भर घालतो, त्याच १२:५ मध्ये बळी मेंढरांतून किंवा शेरडांतून घ्या असं आहे, म्हणजे करडूही चाललं असतं! आमच्या वाशीत पोरांना करडू, कोकरू दोन्ही सारखंच, मऊ पांढरं दिसलं की 'लँब'. सोलापूरकडे असं बोललात तर म्हातारी माणसं हसतील.

प्रश्नकर्ती – थँक्यू दोघांना. काकूंना 'कोकऱ्याला, कोकराला' म्हणून दाखवलं तर त्या म्हणे, अगं मी चर्चमध्ये कोकऱ्यालाच म्हणते, पण का ते कधी मनात आलं नव्हतं. आता नवीनच, पुस्तकात हत्तीला नुसतं 'पिल्लू' छापलंय आणि लेकीला त्याचंही वेगळं नाव हवंय. छावा सांगू का?