अळी मारायची की तिची वाढच रोखायची?

बांधावरचा:
फवारणी केली, तिसऱ्या दिवशी पाहिलं तर अळ्या जिवंत, म्हणजे औषध बोगस! कीटक वाढ नियंत्रकांबद्दल ही ओरड नेहमीची. माझं मत याच्या अगदी उलट: अळीवरचा पहिला फवारा याच औषधांचा असावा.

नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन, डिफ्लुबेन्झुरॉन ही कायटिन, म्हणजे किड्याच्या कातेला टणकपणा देणारा पदार्थ, तयार होऊ देत नाहीत. कात टाकल्याशिवाय अळी वाढत नाही, आणि या औषधांमुळे नेमकी नवी कात कच्ची राहते. पान उलटून नीट बघा. जुनी कात शेपटाकडे अडकलेली, डोक्यावरचं जुनं टोपण सुटलेलं नाही, अंग काळं पडून सुकत चाललेलं. अशी अळी परत खायला लागत नाही. माणसाच्या आणि गुरांच्या शरीरात कायटिन नसतं, म्हणून आपल्यासाठी ही जहाल औषधांपेक्षा कितीतरी सौम्य.

रोखठोक:
आणि कात टाकायची वेळ येईपर्यंत पीक कोण खातं? अळी जन्मभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक शेवटच्या दोन अवस्थांत खाते. मोठ्या अळीवर हा फवारा म्हणजे पैसे मातीत.

बांधावरचा:
मोठ्या अळीवर मारूच नये, हे मलाही मान्य. अंडी फुटताना किंवा अळी बारीक असतानाच मारायचं. पण त्यासाठी रोज सकाळी शेतात फिरून पानं बघावी लागतात. ते न करता दोष औषधाला देणं मला पटत नाही.

डबकं:
दादा, सगळे नियंत्रक एका माळेत ओवू नका. मेथोप्रीन, पायरिप्रॉक्सिफेन ही बालसंप्रेरकाची, म्हणजे अळीला अळीच ठेवणाऱ्या तिच्या अंगातल्या रसायनाची, नक्कल करतात, त्यांनी अळीचा बाल्यकाळ लांबतो. पान खाणाऱ्या अळीला ती दिली तर ती जास्त दिवस खाईल! डासाची गोष्ट वेगळी, कारण तिथे त्रास प्रौढ डासाचा. पायरिप्रॉक्सिफेन टाकलेल्या पाण्यात अळ्या वळवळताना दिसतात, पुढे कोष होतात, पण कोषातून डास बाहेर पडत नाही. अर्धवट निघून तिथेच अडकलेले डास मी पाण्यावर तरंगताना पाहिलेत. पिण्याच्या पाण्यातही लिटरला 0.01 मिलिग्रॅमपर्यंतचा वापर जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केला आहे.

रेशीमधागा:
आपल्यासाठी सौम्य, पण बाकीच्यांचं काय? इटलीच्या उत्तर भागात फळबागांवर फेनॉक्सिकार्ब, हेही बालसंप्रेरकाची नक्कल करणारंच औषध, फवारलं जायचं. त्याचा अगदी अल्प अंश तुतीच्या पानावर पोचला आणि रेशीमकिड्यांनी कोष विणलेच नाहीत. कोष विणायला अंगातलं बालसंप्रेरक ओसरावं लागतं, आणि ते तर बाहेरून मिळत राहिलं. कोळंबी आणि खेकड्यांचं कवचही कायटिनचंच, म्हणून ओढ्याकाठी डिफ्लुबेन्झुरॉन फवारणाऱ्याचा मला राग येतो. मोठी मधमाशी मरत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ती परागाबरोबर औषध पोळ्यात नेते आणि नुकसान पिल्लांचं होतं.

बांधावरचा:
ताई, पाण्याकाठचं बोलणं पूर्ण पटलं. तिथे मीही हे मारणार नाही. पण जहाल औषध अळीबरोबर तिच्यावर जगणारा परोपजीवी गांधीलही संपवतं, तेही मोजा.

रोखठोक:
मित्रकीटकांचं म्हणता, तर ढालकिड्यांच्या अळ्यांनाही पायरिप्रॉक्सिफेन बाधतं. आणि प्रतिकार? इस्राएलमध्ये हरितगृहातल्या गुलाबावर लागोपाठ तीन फवारण्या झाल्या आणि तिथल्या पांढऱ्या माशीचा पायरिप्रॉक्सिफेनला प्रतिकार पाचशेपटीहून जास्त निघाला. तुमचा 'पहिला फवारा हाच' सल्ला सगळ्यांनी दर वेळी पाळला तर हे औषधही असंच हातचं जाईल.

बांधावरचा:
मग माझं म्हणणं दुरुस्त करतो. पहिला फवारा हा, दुसरा वेगळ्या गटातला, आणि एका पिकावर हाच गट पुन्हा नाही. पण अळी तिसऱ्या दिवशी दिसली म्हणून कुणी जहाल औषध ओतत असेल, तर त्याला मी आधी पाचव्या दिवशी पान उलटायला सांगेन.

रोखठोक:
पाचव्या दिवसापर्यंत थांबायला कपाशीच्या बोंडाबाहेरची अळी हवी. एकदा आत शिरली की पान उलटून काहीच दिसत नाही.